बैलाच्या वाढदिवसाचा फोटो

शांतता हवी म्हणून मी कॅमेरा घेऊन डिंभे धरणाच्या काठावर जातो. तिथं शांतता भरपूर आहे, लोक ती मिळू देत नाहीत एवढंच.

सलग तीन सकाळी मी एका खंड्यासाठी चिखलात बसलो. हा निळाशार पक्षी मासे धरायचा आणि माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. चौथ्या सकाळी एक शेतकरी आपला शर्यतीचा बैल धुवायला घेऊन आला. माझी लांबलचक लेन्स बघून तो खूश झाला.

"पावणं, परवा ह्याचा वाढदिवस हाय. फ्लेक्स लावायचाय. एक फोटो काढा की राव!"

"मी फक्त जंगली प्राणी काढतो," मी तडकून म्हणालो.

"मग ह्यो काय माणसाळलाय व्हय?" तो म्हणाला. तेवढ्यात बैलानं माझी टोपी चघळायला घेतली.

नाइलाजानं मी कॅमेरा बैलाकडे वळवला. आणि खंड्या आला, थेट त्याच्या शिंगावर बसला. टोपी सोडून बैल डोळे वर करून बघत राहिला. मीही श्वास रोखला. मी बटण दाबलं.

"हाड! फोटो खराब करतंय!" मालक ओरडला. खंड्या उडाला.

दोन दिवसांनी एसटीच्या थांब्यावर मी काढलेल्या फोटोचा फ्लेक्स लागला. खंड्याला पुसून त्याच्या जागी गॉगल घातलेला मालक शिंगावर बसवला होता. बैल डोळे वर करून अजून खंड्यालाच बघत होता.