एक नंबरचा खोका

माझ्या धाकट्या भावाला गोदामात सगळे सुतळी म्हणतात. अंगानं बारीक म्हणून नव्हे, तो चांगला आडव्या हाडाचा आहे. त्याच्या खिशात कायम सुतळीचा गुंडा असतो, म्हणून. लोकांची घरं एका गावाहून दुसऱ्या गावी हलवायची, हा आमचा धंदा. म्हणजे धंदा मालकाचा, राबणारे आम्ही. आमचे वडील इथे हमाल म्हणून लागले आणि सामानबांधणीचे मुकादम म्हणून सुटले. सुतळी त्यांच्याच हाताखाली शिकला. मी पुढच्या खोलीत टेबलाशी बसते, फोन घेते, गिऱ्हाइकांची किरकिर ऐकते आणि कामावरच्या पोरांवर ओरडते. ओरडायला मला पगार दिला नाही तरी मी ओरडेन, असं सुतळी म्हणायचा. तेव्हा तो थट्टा करायचा.

बांधणीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. काचेचं कपाट अरुंद जिन्यानं उतरवताना बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात. हा एका हातानं तोल धरतो आणि दुसऱ्या हातानं गिऱ्हाइकाच्या आजीला जरा बाजूला व्हायची खूण करतो. आणि तोंडाचा पट्टा चालूच. घर रिकामं होताना बायका रडतात, हे आमच्याकडे रोजचंच. सुतळी त्यांना म्हणायचा, "रडा की, पण त्या खोक्यावर बसून नको, आत बरण्या आहेत." बाई रडता रडता हसायची.

मागच्या वर्षी त्याची बायको घर सोडून गेली. भांडण नाही, तंटा नाही. दुसऱ्या शहरात तिला नोकरी लागली, आणि तिनं सांगितलं की मी आणि मुलगी जातोय, तू येऊ नकोस. का, असं मी दोघांनाही विचारलं. ती म्हणाली, "काही झालं नाही हो, ताई. कितीतरी वर्षांत काहीच झालं नाही." तो म्हणाला, "तिला जायचंय." ह्यापलीकडे मला आजतागायत काही कळलेलं नाही, आणि एखादी गोष्ट मला न कळणं मला किती झोंबतं ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला खरा राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. तिचं सामान ह्यानं स्वतः बांधलं. मी म्हटलं, "अरे गाढवा, दुसरी पोरं आहेत ना!" तर म्हणाला, "ती कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळतात. हिला शाईचा वास चालत नाही." दिवसभर तो आपल्याच घराच्या फरशीवर बसून आपल्याच संसाराची अर्धी भांडी कोऱ्या कागदात गुंडाळत होता. मुलीचा अभ्यासाचा दिवा, बायकोचं शिवणाचं मशीन, भिंतीवरचा आरसा. चेहऱ्यावर काही नाही. ट्रकचा फाळका लावला, दोरी आवळली, गाठ ओढून पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "वळणावर जरा सांभाळून, आरसा उजव्या अंगाला आहे." ट्रक गेल्यावर त्यानं खोली झाडली. सामान निघालं की खोली झाडून द्यायची, अशी आमच्या कामाची पद्धत आहे. तीही त्यानं पाळली.

त्यानंतर तो वेळेवर कामाला यायचा आणि वेळेवर घरी जायचा. बोलायचा नाही. चिडायचाही नाही, आणि मला भीती वाटायची ती त्याचीच. मी मुद्दाम टोचून बघायची. "काय रे, मूग गिळून बसलायस का?" तर म्हणायचा, "नाही." जेवलास का? "हो." काय जेवलास? ह्यावर त्याला आठवावं लागायचं. एकदा पायावर लोखंडी पेटीचा कोपरा पडून अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, तर ते त्याला संध्याकाळी बूट काढल्यावर दिसलं. दुखलं नाही का, असं मी विचारलं. "दुखलं असेल," म्हणाला. घराला दिवा आहे, पंखा फिरतोय, आणि आत कुणी राहत नाही, तसं मला त्याच्याकडे बघून वाटायचं.

आणि मग एक दिवस, चहा पिता पिता, तो म्हणाला की मला ती डोंगरातली वाट चालायची आहे.

ही वाट गुराख्यांची. डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं जाते आणि पार पलीकडच्या टोकाला, धरणापाशी उतरते. खाली गाड्यांचा रस्ता झाला तशी ती ओस पडली. आता वर्षाकाठी एखाददुसरा वेडा जातो, असं वनखात्याच्या रखवालदारानं फोनवर सांगितलं. हो, फोन मीच केला, सुतळी कसला करतोय. चालायला महिनाभर तरी लागतो. मध्ये वस्ती नाही. खुणेचे दगड आहेत, तेही गवतात बुडालेले. पाणी मिळतं, खायला काही मिळत नाही. म्हणून जिथे जिथे गाडीरस्ता वाटेच्या जवळ येतो, तिथल्या चौकीत नाहीतर दूधकेंद्रात शिध्याचा खोका आधीच नेऊन ठेवायचा आणि चालत तिथवर पोचलं की उचलायचा. एवढं केलं तरच माणूस ह्या टोकाचा त्या टोकाला जातो.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या महिन्यांत त्याला पहिल्यांदा काहीतरी हवं होतं. त्याच्या रजेसाठी मी मालकाशी कडाकडा भांडले. मालक म्हणाला, "महिनाभर? ऐन कामाच्या दिवसांत?" मी म्हटलं, "आजवर त्यानं एक खाडा केला नाही. आता काय मेल्यावर रजा देणार त्याला?" मालक ओशाळला आणि रजा मिळाली.

तयारी सुरू झाली. जिथे आरसा होता त्या भिंतीवर सुतळीनं नकाशा लावला. सकाळी कामाला येताना पाठीवर तांदळाची गोणी बांधून चालत यायचा, पाठीला सवय व्हावी म्हणून. पोरं चिडवायची, "काय सुतळी, बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघालात का?" तो गोणीचा पट्टा सारखा करायचा आणि आत जायचा. गच्चीत छोटा स्टोव्ह पेटवून वाऱ्यात टिकतो का बघायचा. नवे बूट भिजवून पायात वाळवले. सगळं नीट, सगळं रीतसर. पण दुसऱ्या कुणाचं सामान बांधून द्यावं, तसं.

खोके ड्रायव्हर पोचवणार होता. ट्रक सामान उतरवून रिकामा परत येतो, तेव्हा वाट थोडी वाकडी करून तो एकेक खोका ठेवणार होता. सोमवारी पहिली फेरी होती, म्हणून आदल्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, मी सुतळीच्या घरी मदतीला गेले. खोलीत फरशीवर जिथे कपाट आणि मुलीचा पलंग होता तिथे अजून उजळ चौकोन होते. सुतळी तांदूळ, सुकामेवा, बिस्किटं, चहा, साखर, काडेपेट्या अशा पुड्या करत होता. खोके भरत आलेच होते, ह्या पुड्या घालून फक्त बांधायचे होते. मी दोरी धरायची, तो गाठ मारायचा. बांधलेला खोका मी भिंतीशी सरकवायची.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. आम्ही खोक्यांना नंबर घालतो ते उलटे. एक नंबरचा खोका ट्रकमध्ये सगळ्यात आधी चढतो, म्हणजे तो सगळ्यात आत जातो आणि उतरतो सगळ्यात शेवटी. म्हणून बांधणी सुरू होते ती शेवटाकडून. उतरायचं घर डोळ्यांसमोर आणायचं, तिथे सगळं लागल्यावर शेवटी काय लागेल ते ठरवायचं आणि तो एक नंबर. वडिलांचा दंडकच होता, एक नंबर भरल्याशिवाय दोन नंबराला हात लावायचा नाही. आम्हा दोघांना हे शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. सुतळीनं त्याच्या वाटेच्या खोक्यांना नंबरही असेच घातले होते. सात नंबर तो सगळ्यात आधी उघडणार होता.

शेवटचा खोका सरकवून मी पाठ सरळ केली आणि भिंतीकडे पाहिलं. सात, सहा, पाच, चार, तीन, दोन.

"एक कुठाय?" मी विचारलं.

"नाहीये."

"नाहीये म्हणजे? ड्रायव्हर घेऊन गेला?"

"नाही. भरलाच नाही."

आमच्यात न वाढलेल्या माणसाला वाटलं असतं की पहिल्या टप्प्याचं खाणं पाठीवरच्या पिशवीत असेल, झालं. मलाही आधी वाटलं की गंमत करतोय, इतक्या दिवसांनी पहिली. मी हसलेदेखील. तो हसला नाही. मी भिंतीजवळ जाऊन नकाशावर बोट ठेवलं.

"दोन नंबरातलं तुला कुठवर पुरणार?"

"ह्या वरच्या चौकीपर्यंत."

"आणि तिथून धरणापर्यंत?"

"उतार आहे. चारपाच मुक्काम पडतील."

"ते काय उपाशीपोटी?"

तो खोक्यांकडे बघत राहिला. माझा आवाज मला आवरेना. मी विचारलं, "तू परत येणार आहेस ना रे?"

तो रोजच्याच आवाजात म्हणाला, "मी मरायला नाही चाललो, ताई. तसं काही मनात नाही."

"मग हे काय आहे?"

"सुरुवात मी एकापासूनच केली होती. खोका उघडून पुढ्यात घेऊन बसलो. पोचल्यावर काय लागेल ते सुचेचना. दुसऱ्या दिवशी परत बसलो, तेच. मग म्हटलं राहू दे, दोनापासून भरू." त्यानं हातातला सुतळीचा गुंडा खाली ठेवला. "चौकीपर्यंत मी मला दिसतो. त्याच्या पुढे मी दिसतच नाही. धरण दिसतं. मी नाही."

मी भोकाड पसरलं. वयाची काही लाज न बाळगता त्या उजळ चौकोनात बसून रडले. मला त्याचा राग आला, त्याच्या बायकोचा आला, त्या मुडद्या वाटेचा आला. पण सगळ्यात जास्त मी भ्याले होते. रडता रडता मी ओरडले, "तू जायचं नाहीस! कळलं? कुठेही जायचं नाहीस!"

"बरं," तो म्हणाला.

आणि त्यानं सात नंबरचा खोका पुढे ओढला आणि गाठ सोडायला घेतली.

मी आयुष्यात खूप गोष्टी पाहिल्या, पण अशी नाही. तोंडातून एक 'का' नाही, चेहऱ्यावर रेघ नाही. मी सांगितलं असतं तर त्यानं सगळे खोके सोडले असते, तांदूळ डब्यात भरला असता, नकाशा उतरवून घडी घातली असती आणि ह्या खोलीत बसून राहिला असता, किती वर्षं कोण जाणे. जाऊ देण्यात मला धोका दिसत होता. न जाऊ देण्यातही तोच दिसायला लागला.

"सोड ती दोरी," मी म्हटलं.

त्यानं सोडली.

"उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं. आत्ता मला सांगितलंस ते सगळं त्यांना सांगायचं, एक शब्द न गाळता. ते हो म्हणतील तेव्हाच निघायचं, महिना लागो की वर्ष."

"बरं."

"बरं बरं करू नकोस मेल्या! आणि निघालास की धरणावर मी येणार."

आता त्यानं मान वर केली. "तू कशाला?"

"कशाला म्हणजे? तुला घ्यायला."

"तुझे गुडघे दुखतात."

"मग काय गुडघे घरी ठेवून येऊ? बस जाते ना तिथे?"

"जाते."

"झालं तर. मी तिथे येऊन बसणार. आज नाही आलास तर उद्या येशील, उद्या नाही तर परवा. तू उतरल्याशिवाय मी तिथून हलायची नाही. मालकाला काय बोंबलायचं ते बोंबलू दे."

तो उठून नकाशापाशी गेला आणि धरणाच्या टोकाकडे बघत उभा राहिला. मी नाक पुसत होते, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही.

"तिथे बसायला काही नाही, ताई," तो म्हणाला. "मी एकदा धरणाच्या साहेबाचं सामान उतरवलंय तिथे. बस थांबते तिथे नुसती भिंत आहे. दुपारभर सावली येत नाही."

"नसू दे."

"नसू दे काय? तू उन्हात बसशील."

"बसेन."

"अगं, उन्हात बसशील तू!" तो चक्क ओरडला. कितीतरी महिन्यांत मी त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. आपणच ओरडलो ह्याचं त्यालाही नवल वाटलं असावं, कारण तो क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानं कोपऱ्यातला एक चपटा खोका घेतला, उघडला, तळाला चिकटपट्टी मारली. आत जाऊन मोठी छत्री आणि घडीची खुर्ची घेऊन आला. खुर्ची खोक्यात आडवी बसेना, तेव्हा तिरकी घालून पाहिली. बसली. बाजूच्या फटीत त्यानं पाण्याची बाटली खोचली.

त्यानं छत्रीभोवती कागद गुंडाळला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गुडघ्यांना कुठलं तेल लावतेस तू?"