मुकादमाचं दुसरं आवर्तन

लोकांची घरं हलवणं हा मुकादमाचा धंदा. पलंग, कपाटं, फ्रिज आणि ज्यांच्यावाचून माणूस खुशाल जगू शकतो अशा नाना वस्तू एका घरातून उचलायच्या, ट्रकमध्ये भरायच्या आणि दुसऱ्या घरात नेऊन मांडायच्या. हाताखाली चार गडी. ते त्याला मुकादम म्हणत, म्हणून गिऱ्हाइकंही मुकादम म्हणत, आणि शेवटी शेजारीपाजारीही तेच म्हणू लागले. खांदे असे की साध्या दारातून जरा तिरकंच शिरावं लागे. बोटं जाडजूड, तळव्यांना दोराचे घट्टे. ह्या बोटांत गिटार काय शोभणार, असं पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटायचंच. त्याच्या बायकोलाही लग्नाआधी तसंच वाटलं होतं. मग त्याने वाजवून दाखवलं आणि ती फसली, असं ती स्वतःच हसत हसत सांगते.

पण ती गिटार म्हणजे गाणाऱ्याच्या मागे बसून चार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे झुबके, छेडायची गिटार. जॅझचं खूळ डोक्यात शिरलं ते एका पियानोपायी.

संगीत शिकवणाऱ्या एका बाईंनी घर बदललं, आणि त्यांचा पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवायचं काम मुकादमाकडे आलं. लिफ्ट नाही, जिना अरुंद, वर प्रत्येक मजल्यावर काटकोनातलं वळण. मुकादम खालच्या बाजूला, सगळं वजन त्याच्या छातीवर. वळणावर त्याची नेहमीची आरोळी उठली, "कोपरा टेकवा! टेकलेला कोपरा सोडायचा नाही, बाकीचं धूड फिरवा!" आणि मागोमाग दुसरी, "खाली बघा रे! ओझं टेकेपर्यंत मान वर केली तर याद राखा!" एकदा एका गड्याने कोण हाक मारतंय म्हणून मान वर केली होती आणि आरशाचं कपाट आरशासकट गेलं होतं. तेव्हापासून हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पियानो जागेवर बसला. गड्यांचा घाम वाळायच्या आत बाईंनी स्टूल ओढलं आणि वाजवायला सुरुवात केली. सूर असे सुसाट निघाले की मुकादम दारातच खिळला. चाल ओळखीची वाटायला लागे तोच ती भलत्याच वाटेला वळे, आणि तरी कुठे धडपडत नसे. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवून दमला.

"हे काय वाजवलंत?" त्याने विचारलं.

"मीच बांधलेली चाल आहे. 'जिना' म्हणते मी तिला."

"हे सगळं पाठ आहे तुम्हाला?"

"कॉर्ड तेवढ्या ठरलेल्या. त्यांच्यावरून कसं चालायचं, ते चालता चालता ठरवायचं." बाई हसल्या. "का हो, तुम्ही वाजवता?"

"थोडी गिटार," मुकादम म्हणाला आणि चक्क लाजला.

झालं! दर गुरुवारी दुपारी काम आटोपलं की मुकादम गिटार घेऊन ते तीन मजले चढायला लागला. आणि लवकरच त्याला कळून चुकलं की पियानो चढवणं ह्यापेक्षा सोपं होतं. साधं गाणं एका घरात सुखाने नांदतं. पाच-सात सूर ठाऊक असले की आपण त्यात कुठेही फिरावं, कुणी काही म्हणत नाही. 'जिना' मात्र जरा स्थिर झाला की घर बदले. आत्ता जे सूर गोड लागत होते तेच पुढच्या कॉर्डवर दाताखाली खडा यावा तसे लागत. ज्याने जन्मभर लोकांची घरं बदलली, त्या माणसाला हे घर बदलणं काही केल्या झेपेना. सूर शोधून बोट टेकवावं तोवर कॉर्ड दोन घरं पुढे!

"उड्या मारू नका," बाई सांगत. "दर दोन घरांत एक तरी सूर सारखा आहे. तो धरून ठेवा, कॉर्ड खालून फिरू द्या."

मुकादम मान डोलवी. पालथ्या घड्यावर पाणी.

पण पठ्ठ्याची हौस अशी दांडगी की विचारू नका. ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून तो मांडीवर बोटं नाचवी. गिऱ्हाईक सोफा कुठे ठेवायचा ते सांगत असे आणि हा तोंडाने 'डूबा डूबा' करत असे. एकदा तर भांडून वेगळ्या झालेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्याचं सामान बायकोच्या माहेरी उतरवलं. ते भांडण कुणाचं, कशावरून, हे कळायच्या आत मुकादमाने सामान परत ट्रकमध्ये भरलं, तेही गुणगुणतच.

बाईंचा एक छोटा बँडही होता. बेकरीवाला सॅक्सोफोन फुंके, दातांचे डॉक्टर ड्रम बडवत, आणि एका शाळेतली ग्रंथपाल मोठं बास वाद्य मिठीत धरून कुणाशी एक शब्द न बोलता वाजवी. रविवारी दुपारी एका जुन्या वाचनालयाच्या सभागृहात ते बसत आणि तीस-चाळीस माणसं ऐकायला येत. त्यांचा गिटारवाला बदली होऊन परगावी चालला होता. बाई मुकादमाला म्हणाल्या, "येत्या रविवारी या. 'जिना' वाजवू. तुमचा सोलो ऐकून सगळे मिळून ठरवू. जमलं तर खुर्ची तुमची. नाही जमलं, तर आणखी एकजण विचारून गेलाय, त्याला बोलवावं लागेल."

त्या क्षणापासून मुकादमाला दुसरं काही सुचेना. ती खुर्ची त्याला हवी होती. इतकी हवी होती की स्वतःचीच भीती वाटावी. उभा जन्म दुसऱ्यांच्या खुर्च्या उचलण्यात गेला होता, ही एक त्याला स्वतःला बसायला हवी होती.

आणि भीतीपोटी माणूस करतो तेच त्याने केलं. लबाडी. आयत्या वेळी सुचणार नाही, मग आधीच सुचवून ठेवू! 'जिन्या'च्या पूर्ण एका आवर्तनाचा, म्हणजे सगळ्या कॉर्ड एकदा फिरून पुन्हा पहिलीवर येईपर्यंतचा, सोलो त्याने घरी बसून सूर सूर जुळवत बांधला आणि घोटून पाठ केला. पहाटे घोटला, जेवताना घोटला. बायको भांडी विसळता विसळता तो गुणगुणायला लागली. बाईंनी बजावलं होतं की पाठ करून आणायचं नाही, पण बाईंना कोण सांगायला जातंय?

रविवार उजाडला. सभागृहात बायको पहिल्या रांगेत. आदल्या गिटारवाल्याची रिकामी खुर्ची पियानोशेजारी. मुकादम तिच्यावर बसला तेव्हा ती करकरली.

बँडची रीत साधी होती. ज्याचा सोलो संपला त्याने मान वर करून पुढच्याकडे बघायचं. बघितलं की पुढचा उचलणार. जोवर बघत नाही तोवर मैदान त्याचं, कुणी मध्ये तोंड घालायचं नाही. मुकादमानंतर बेकरीवाल्याची पाळी होती.

डॉक्टरांनी काठ्या आपटल्या आणि 'जिना' सुटला. चाल झाली, बाईंचा सोलो झाला, बाईंनी मान वर करून मुकादमाकडे बघितलं. मुकादमाने डोळे गिटारच्या दांडीवर रोवले आणि घोटलेला सोलो उचलला. काय वाजवला हो! एक सूर इकडचा तिकडे नाही. सगळी घरं बिनचूक, सगळी वळणं पार. शेवटचा सूर लागला, आणि आता फक्त मान वर करायची बाकी होती.

ती त्याने केली नाही.

मुद्दाम नव्हे. मान वर करायची हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. इतक्या वर्षांत अंगात मुरलेली सवय. हातात ओझं असताना मुकादमाची मान वर होत नसे. बेकरीवाला छातीत श्वास भरून तयार, आणि मुकादम आपला खाली बघतोय. बाईंनी बेकरीवाल्याकडे बघून किंचित मान हलवली. नाही. अजून बघितलं नाही त्याने. आणि दुसरं आवर्तन सुरू झालं.

मुकादमाला ते कळलं तेव्हा पहिली कॉर्ड पायाखालून निघूनही गेली होती. पाठ केलेलं सगळं संपलेलं. पाचावर धारण बसली. बोट कुठेतरी पडलं, सूर बेसूर निघाला, पहिल्या रांगेत बायकोने डोळे मिटले. आता मान वर करावी, सुटावं, बेकरीवाल्याच्या गळ्यात ओझं टाकावं. पण वळण समोर आलं होतं, आणि वळणावर ओझं कुणाच्या गळ्यात टाकतात होय?

कोपरा टेकवा.

त्याने एक सूर धरला. एकच. बोट तारेवर दाबून ठेवलं आणि सोडलं नाही. खालून कॉर्ड फिरली, अख्खं घर फिरलं, आणि तो सूर नव्या घरात असा चपखल बसला की मुकादमाच्या अंगावर सर्रकन काटा आला. अरे! अरे, हेच सांगत होत्या बाई! त्या सुरावरून तो दोन पावलं उतरला, पुढचं वळण आलं, पुन्हा कोपरा, पुन्हा सगळं धूड अलगद फिरलं. डॉक्टरांच्या काठ्या नाचायला लागल्या. बाई खालून एक कॉर्ड सरकवत, हा वरून उत्तर देई. कुठे निघालोय ते त्याला ठाऊक नव्हतं आणि त्याची त्याला फिकीर नव्हती. आनंद नुसता उसळत होता. हे सूर कुणीच कधी वाजवलेले नव्हते, त्यानेसुद्धा नव्हते! शेवटचं वळण पार झालं, ओझं जमिनीला टेकलं, आणि मग कुठे मुकादमाची मान वर झाली. बेकरीवाला सॅक्सोफोनवर तुटूनच पडला.

टाळ्या ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "पहिलं आवर्तन घरून आणलं होतंत."

मुकादमाचा चेहरा खर्रकन उतरला. "हो."

"ते छान होतं. त्याच्यावर मी तुम्हाला खुर्ची दिली नसती." बाईंनी बाकीच्यांकडे बघितलं. डॉक्टरांनी काठी वर केली, बेकरीवाला हसला, आणि ग्रंथपाल, जी कधी बोलत नसे, ती म्हणाली, "दुसरं कुठून आणलंत?"

"जिन्यातून," मुकादम म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"रविवारी वेळेवर या मग," बाई म्हणाल्या. "आणि मान वर करायला शिका."

घरी पोचल्यावर पायातले बूटही काढू न देता बायकोने गिटार त्याच्या हातात दिली. "अहो, ते पहिलं मला पाठच झालंय. ते दुसरं वाजवा ना, जे शेवटी वाजवलंत ते."

त्याने सुरुवात केली. बायको थोडा वेळ ऐकत राहिली.

"हे ते नाही."

"नाही. ते गेलं."

"मग हे काय आहे?"

"मला तरी कुठे माहितीये," मुकादम मान खाली घालून म्हणाला. "थांब, मध्ये बोलू नकोस. वळण येतंय."