चाकांवरच्या घराखाली

त्या गाडीला नेमकं काय म्हणायचं, यावर आमच्या घरात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. तिचे मालक शेठ तिला कॅराव्हॅन म्हणायचे. माझी आई, म्हणजे माय, तिला चाकांवरचं घर म्हणायची. आणि आप्पा, माझे वडील, नुसतं 'काम' म्हणायचे. "उद्या कामवर जानं शे," असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा चेहरा पुन्हा जुन्यासारखा दिसायचा. म्हणून मीही 'काम'च म्हणू लागले.

आप्पांचं सगळं आयुष्य लिंबायतच्या पॉवरलूम शेडमध्ये वायरिंग करण्यात गेलं. खानदेशातून तरुणपणी सुरतेला आले ते पक्कड आणि टेस्टर शिकण्यासाठीच आल्यासारखे. मग शेडच्या मालकाने जुने लूम भंगारात काढले, नवी मशीनं आणली. त्या मशीनांबरोबर कंपनीचा स्वतःचा इलेक्ट्रिशियन आला आणि आप्पा गोडादऱ्यातल्या आमच्या राहत्या खोलीत येऊन बसले. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात, तसं त्यांचं झालं. घरातला एकेक स्विच त्यांनी उघडून पुन्हा बसवला. शेजारणीचा चांगला चालणारा मिक्सर 'आवाज बरा नाही' म्हणून खोलला, आणि नंतर खरोखरच त्याचा आवाज बरा राहिला नाही. आम्ही हसायचो. पण दुपारी ते दाराशी पाय दुमडून गल्लीकडे बघत बसायचे, तेव्हा हसू यायचं नाही. मला त्यांच्याकडे बघवायचं नाही, हे खरं.

अशात हे शेठ भेटले. जुन्या मालकाचे नातेवाईक, कापडाचे व्यापारी. कामरेजच्या पुढे त्यांचं फार्महाउस होतं आणि तिथे उसाच्या कडेला ही गाडी उभी होती. मुलाबाळांना घेऊन फिरायला जायचं म्हणून हौसेने आणलेली. नव्याचे नऊ दिवस संपले तशी ती तिथेच राहिली आणि उंदरांनी, घुशींनी खालची सगळी वायरिंग कुरतडून टाकली. आता लग्नसराईत नवरीला तयार व्हायची खोली म्हणून ती भाड्याने द्यायची, असं शेठच्या मनात आलं होतं. आत आरसा, एसी, छोटा फ्रीज, सगळं होतं. फक्त लाइट नव्हती.

"काका, आ चालू थई जाय ने, तो तमे अहीं ज," शेठ म्हणाले आणि मग आम्हाला नीट कळावं म्हणून हिंदीत आले. "गाडी जहाँ जाएगी, आप साथ जाना. आपकी ही गाडी समझो."

आप्पा घरी येऊन हे वाक्य मायला दोनदा आणि मला चारदा सांगत बसले. ह्या वयात, गुडघे गेलेले असताना, कायमचं काम. गाडी नीट चालली तर काम त्यांचं, एवढी साधी गोष्ट होती. माय देवापुढे जास्त वेळ बसायला लागली.

अडचण गुडघ्यांचीच होती. गाडीखाली आडवं व्हायचं कोणी? मी. माझं सासर दोन गल्ल्या सोडून. घरी बसून साड्यांवर स्टोन चिकटवायचं काम करते, पण लहानपणापासून आप्पांच्या हातात पक्कड देत आलेय, त्यामुळे कोणती वायर कुठे जाते एवढं कळतं. सासूबाई पुटपुटल्या, मी ऐकलं नाही.

गाडीखाली खताची रिकामी पोती अंथरून मी पाठीवर सरकत गेले. वर चेसी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, तिला लोंबणारी वायरींची लक्तरं आणि घुशींची घरटी. उसाचं पाचट, प्लॅस्टिक, आणि कुठून आणल्या कोण जाणे, साडीच्या चिंध्या. घुशींनीही सुरतेत राहून कापडाचाच धंदा धरला होता. मी ते सगळं ओढून काढताना तोंडावर पडत होतं आणि बाहेर उलट्या बादलीवर बसून आप्पा हुकूम सोडत होते.

"डावीकडे घे. अजून. क्लॅम्प ढिला सोडू नको."

"आप्पा, उंटावरून शेळ्या हाकू नका. दिसतंय का तुम्हाला तिथून?"

"दिसत नही, पन माहीत शे," ते म्हणायचे.

आणि खरंच त्यांना माहीत असायचं. प्रत्येक वायर पाइपमधून नेली. मी म्हटलं, उंदीर पाइपही खातात. ते म्हणाले, "खातस, पन त्यासले टाइम लागस." ते खूश होते. जेवायला उसाच्या सावलीत बसलो की हात धुताधुताच पुढचं काम सांगायला लागायचे. आतल्या बोर्डाचे स्विच त्यांनी स्वतः बसवले, गुडघा धरत पायरी चढून. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या नखांत काळं साचलं होतं आणि ते त्यांनी घासून काढलं नाही.

अर्थिंगचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. पंपाच्या खोलीतून गाडीपर्यंत आलेल्या केबलमध्ये दोनच तारा होत्या, तिसरी, अर्थिंगची, नव्हतीच. आप्पांना त्याचं काही वाटलं नाही. शेडमध्ये लूम फरशीत बोल्टने पक्का बसवलेला असतो. लोखंडाचे पाय जमिनीत, म्हणून हिरवी वायर लूमच्या अंगाला बांधली की अर्थिंग झालं. लिंबायतमधले सगळे जुने वायरमन असंच करत आले.

"हिरवी वायर चेसीले बांध," आप्पा म्हणाले. "पन आगोदर रंग खरडी काढ. रंगवर अर्थिंग बसत नही."

मी ब्लेडने रंग खरडला. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत खरडायला लावला त्यांनी. मग बोल्ट, वॉशर, वर ग्रीस. एवढं नेकीचं काम मी कोणाचं पाहिलं नाही, आणि मी हे मुद्दाम सांगतेय.

लाइट चालू केली. दिवे लागले, एसी चालला, आप्पांनी टेस्ट लॅम्प घेऊन प्रत्येक पॉइंट बघितला. शेठ येऊन एसीत बसले आणि आरशात बघून केस सारखे करत म्हणाले, "काका, वाह!" गाडीला पहिलं लग्न मिळालंच होतं. त्याच्या आदल्या दिवशी एक नारळ फोडू आणि मग तुम्ही कामाला लागा, असं ठरलं. आप्पांनी मायलाही बोलावलं. तिने बघावं असं त्यांना फार वाटत होतं.

ती सकाळी नवी साडी नेसून, डब्यात शिरा घेऊन आमच्याबरोबर आली. माळ्याने हिरवळीला नुकतंच पाणी दिलं होतं. आप्पांच्या पायात रबरी स्लिपर, त्यांची वायरमनची सवय. शेठच्या पायात बूट, माझ्या पायात सँडल. सकाळपासून आम्ही सगळ्यांनीच त्या दाराची उघडझाप केली होती आणि कोणाला काही झालं नव्हतं.

मायने एका हातात नारळ घेतला. दाराशी आली आणि तिने चपला काढून बाजूला ठेवल्या. घर म्हटल्यावर आणखी काय करणार? त्यातून पूजेचा नारळ हातात. ओल्या गवतावर अनवाणी उभी राहून तिने दाराची स्टीलची दांडी धरली.

ती ओरडली नाही. नुसती ताठ झाली आणि तिच्या तोंडातून एक बारीक घरघर निघाली. मला वाटलं दार अडकलंय. नारळ खाली पडला तरी मला कळलं नाही. आप्पांना कळलं. ज्यांना बादलीवरून उठायला माझा खांदा लागायचा, ते आप्पा पळाले, आणि मायकडे नाही तर उलट दिशेला, पंपाच्या खोलीकडे. त्यांनी मेन स्विच खाली पाडला आणि माय गवतावर कोसळली.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती श्वास घेत होती. ओठ पांढरे पडले होते. शेठ धावत आले. "शुं थयुं? शुं थयुं?"

मायने डोळे उघडले. आधी शेठकडे बघितलं, मग पंपाच्या खोलीकडून धापा टाकत येणाऱ्या आप्पांकडे. उजव्या हाताची मूठ तिने हळूच पदराखाली घेतली.

"चक्कर उनी," ती म्हणाली. "सकायपासून काही खादं नही ना."

शेठला पटलं. उपास असेल, म्हाताऱ्या बायकांचं असंच, असं काहीतरी ते बोलले आणि लिंबूपाणी आणायला त्यांनी माळ्याला पिटाळलं. आप्पांना म्हणाले, "काका, घबराओ मत. आज घर ले जाओ, कल सुबह आ जाना. शाम को तो गाडी जाएगी." माझा जीव भांड्यात पडला. माय जिवंत होती आणि काम गेलं नव्हतं. देवाने दोन्ही एका दिवसात दिलं असं मला क्षणभर वाटलं.

आप्पा मायजवळ बसले नाहीत. ते गाडीच्या चाकाशी कसेबसे गुडघ्यावर बसले आणि टायरला हात लावून बघत राहिले. मग गाडी तोलून धरणारे चार कोपऱ्यांतले जॅक बघितले. काळ्या मातीत ते रुतू नयेत म्हणून त्यांच्याखाली लाकडाचे ठोकळे ठेवले होते. आप्पांनीच ठेवायला लावले होते. सगळी गाडी रबरावर आणि लाकडावर उभी होती. तिचं लोखंड जमिनीला कुठेही टेकलेलं नव्हतं. एखादी वायर कुठेतरी सोलली असणार, ती सोलतेच, आणि करंटला जमिनीत जायला वाट मिळालीच नव्हती. तो दाराच्या दांडीवर येऊन थांबला होता.

आप्पा उठले. "शेठ, उसको चक्कर नहीं आया," ते म्हणाले. "करंट लगा. मेरी गलती है. ये गाडी जमीन पे नहीं है, रबर पे है. मैंने लूम के जैसा बांध दिया."

"उगी ऱ्हावा ना," माय खालून म्हणाली. गप्प बसा ना. आप्पा गप्प बसले नाहीत. त्यांनी शेठला सगळं समजावून सांगितलं, जमिनीत रॉड पुरायला हवा, केबल बदलायला हवी, तोवर गाडी कुणाला देऊ नका.

शेठ वाईट माणूस नव्हते. ते त्या दाराकडे बघत राहिले, दुसऱ्या दिवशी तिथे कोण कोण येणार होतं ते बहुतेक त्यांच्या डोळ्यांपुढे आलं असावं. मायला दवाखान्यात न्यायला त्यांनी स्वतःची गाडी दिली. डॉक्टरांनी तपासून, तळहाताला मलम लावून सोडलं. पण 'कल सुबह' हे शेठ पुन्हा बोलले नाहीत. त्यांनी दुसरा माणूस बोलावून अर्थिंग करून घेतलं, हे आम्हाला माळ्याकडून कळलं.

घरी खोलीत आल्यावर मायने दार लावून घेतलं आणि मग तिचा बांध फुटला. "मी झटका खादा. वरतीन खोटं बोलनू. कसाले? तुमना कामसाठे ना? आनि तुम्ही एक मिनिटमा मातीमा घाली दिनं!"

"उद्या तठे नवरी पाय ठेवती," आप्पा म्हणाले. "उघडा पायनी."

"ती नवरी मन्ही कोन लागस?"

आप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "आनि तू मन्ही कोन लागस? ज्या दांडीले तू चिकटनी, ती दांडी धरीसन मी रोज भाकर खाऊ?"

माय रडायला लागली. मला दोघांचाही राग आला. तिचा यासाठी, की मरता मरता तिला आधी काम सुचलं. त्यांचा यासाठी, की त्यांचं म्हणणं खरं होतं आणि त्याने काहीही बदलणार नव्हतं. मी तशीच उठून सासरी आले आणि साडीवर स्टोन लावत बसले, उलटेसुलटे लागले तेही बघितले नाहीत.

आता आप्पा कोणाचाही मिक्सर उघडत नाहीत. घरातला पंखा घरघरायला लागला तेव्हा त्यांनी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं आणि तो काम करत असताना बाहेर जाऊन उभे राहिले. पक्कड, टेस्टर, सगळं घरातच आहे, पण मी ते त्यांच्या हातात पाहिलेलं नाही.

फक्त सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा ते उठतात. मोटार चालू करायला माय मोरीत जाते, पण कळ दाबून बाजूला सरते. मग आप्पा ओल्या मोरीत अनवाणी उभे राहतात आणि चालू मोटारीवर आपला हात ठेवतात. थोडा वेळ तसाच ठेवतात. मग मान हलवून बाहेर येतात, आणि मग माय आत जाऊन पाण्याला हात लावते. मला हे कळलं त्या दिवशी मी मोरीच्या दारात जाऊन उभी राहिले. मी म्हटलं, "आप्पा, असं जिवावरचं काय करता? टेस्टर आहे ना घरात. टेस्टर लावून बघा."

"टेस्टर बी मीच धरसू ना, पोरी," आप्पा म्हणाले. "ती गाडी बी मीच तपासेल व्हती."

माय बाजूला घागर घेऊन उभी होती. मला वाटलं, ती तरी त्यांना रागावेल. त्यांनी हात काढेपर्यंत ती थांबली आणि मग पाणी भरायला लागली.