मास्तरांची जळजळ

टेलरमास्तरांची बायको गेली त्याला पाच महिने झाले होते. ते पूर्वीसारखेच मशीनवर बसत, मापं घेत, कपडे वेळेवर देत. छातीत मात्र सारखी जळजळ व्हायची, तोंडात आंबट पाणी यायचं. हे तिच्या जाण्याचंच दुखणं, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. म्हणून त्याबद्दल ते कुणाजवळ अवाक्षर काढत नसत.

शेवटी मुलीनेच त्यांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासण्या केल्या आणि विचारलं, "जेवता कधी?"

"आठवण झाली की. मग लगेच वाकून शिवायला बसतो."

"हृदय ठणठणीत आहे, मास्तर. पोटातलं ॲसिड वर येतंय. सकाळी उपाशीपोटी ही गोळी घ्या. वेळेवर आणि थोडं थोडं जेवा, जेवल्यावर दोन-तीन तास आडवं होऊ नका. चहाही कमी करा."

झोपताना डोकं उंच राहावं म्हणून मुलीने पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. मास्तर सांगितलं तेवढं निमूटपणे करत राहिले. महिन्याभरात जळजळ थांबली.

"बाबा, आता बरं वाटतंय ना?"

मास्तरांनी छातीवर हात ठेवून पाहिला. तिथे काहीच होत नव्हतं.

"बरं आहे," ते म्हणाले, "पण तुझी आई गेल्याचं आता काही जाणवतच नाही गं."

जेवायची वेळ झाली होती. मुलीने दोन ताटं वाढली आणि त्यांच्या शेजारी बसली. मास्तर सावकाश जेवले.