नाक्यावर जोडलेली खुर्ची

"हे खुर्ची होय?"

आलापल्लीच्या पुढच्या फॉरेस्ट नाक्यावर गार्डनं माझं गोणपाट सोडलं आणि आतला एकेक तुकडा रस्त्याच्या कडेला मांडला. चार पाय, आडव्या पट्ट्या, पाठीच्या पट्ट्या. सगळं अस्सल सागवान. मागं अख्खी बस थांबलेली.

"होय जी. खुर्चीच आहे," मी म्हटलं.

"मले त लाकडं दिसून राह्यले."

त्याचं तरी काय चुकलं? आमच्या भागात माणसाचं आधार कार्ड एक वेळ कोणी विचारणार नाही, पण सागवानाची चौकशी होतेच. तयार फर्निचर असेल तर दुकानाचं बिल चालतं. सुटं लाकूड असेल तर टीपी लागते. टीपी म्हणजे ट्रान्झिट पास, लाकडाला प्रवास करायचा परवाना. माझ्याकडे बिल होतं, टीपी नव्हती. म्हणजे खुर्ची नेत असले तर मी सुतार, आणि लाकडं नेत असले तर चोर.

मी सुतारच आहे. लग्न होऊन अहेरीला आले तेव्हा मात्र मला करवतीचे दात कोणत्या बाजूला असतात तेही माहीत नव्हतं. वर्कशॉप सासऱ्यांचं. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. माझा नवरा शाळेत क्लार्क आहे. माणूस गुणी, पण त्याच्या हातून खिळा सरळ जात नाही. मामाजींचे हात थरथरायला लागले तेव्हा घरात पटाशी धरू शकेल असं माणूस उरलं ते मी. मग मामाजी खाटेवर बसून शिव्या द्यायचे आणि मी शिकायचे.

जुन्या पद्धतीच्या खुर्चीत खिळा नसतो, सरेसही नसतो. एका लाकडात खोबण कोरायची, दुसऱ्याच्या टोकाला जीभ काढायची. तिला कुसू म्हणतात. कुसू खोबणीत घट्ट बसला पाहिजे. माझे सुरुवातीचे सगळे कुसू चुलीत गेले. मामाजी हलवून पाहायचे, माझ्या हातात परत द्यायचे आणि चुलीकडे बोट दाखवायचे. त्या वर्षी आमच्याकडे सरपण विकत आणावं लागलं नाही.

तर ही खुर्ची म्हणजे माझं पहिलं सॅम्पल होतं. गडचिरोलीला नवीन हॉटेल निघत होतं. मालकाला डायनिंग हॉलसाठी हातानं केलेल्या खुर्च्या हव्या होत्या. नागपूरच्या एका शोरूमनंही सॅम्पल पाठवलं होतं. त्या दिवशी दुपारी तो दोन्ही पाहून फायनल करणार होता. इकडे मामाजींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "हे ऑर्डर आली त वर्कशॉप तुहं. नाई आली त मी शेड खतवाल्याले गोदामाले देऊन टाकतो. रिकामी शेड पोसून काय करू?" मी रागानं दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून तर राग आला होता.

खुर्ची सुटी नेण्याचं कारण कंडक्टर. "जोडलेलं फर्निचर मी गाडीत घेत नाई," असं त्यानं आदल्या दिवशीच अहेरीच्या स्टँडवर बजावलं होतं. म्हटलं ठीक आहे, मालकासमोरच जोडू, त्याला जोडही दिसतील.

आता गार्ड म्हणाला, "खुर्ची असन त जोडून दाखवा. नाई त माल इथीच राहीन."

"जोडली की सुटत नाही हो ती."

खरंच सुटत नाही. कुसू आत गेला की आरपार भोकातून लाकडी खुंटी ठोकतात. त्यातली गंमत अशी, की कुसवातलं भोक केसभर आतल्या बाजूला पाडायचं. खुंटी वाट काढत जाते आणि जाता जाता कुसवाला आत ओढून धरते. एकदा ठोकली की ठोकली. काढायची तर खुर्चीच फोडावी लागते. म्हणजे जोडली तर कंडक्टर घेणार नाही, आणि नाही जोडली तर गार्ड सोडणार नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये मी गोणपाट धरून उभी.

मी लाकडी मोगरी काढली आणि नाक्याच्या ओट्यावर बसले.

बसमधली सगळी माणसं खाली उतरली आणि प्रत्येकाला सुतारकाम येत होतं. "हळू ठोका जी, फाटन." "अगोदर पाठ जोडाले पाहिजे." "आमच्या गावचा सुतार असं नाई करत." मी कुसू बसवत राहिले. मग एक दुपट्टेवाला काका म्हणाला, "बाई, मागचा पाय समोर लावून राह्यल्या तुमी." मी खुंटी ठोकायला हात उचललाच होता. पाहिलं, तर खरंच उलटा. ती खुंटी गेली असती तर खुर्चीही गेली असती आणि शेडही. काकांवर मी इतकी चिडले की विचारू नका. चुकीचे सल्ले माणूस सहन करतो, बरोबर सल्ला देणाऱ्याचा फार राग येतो.

शेवटची खुंटी बसली. मी खुर्ची ओट्यावर ठेवली. चारही पाय टेकले.

गार्ड बसला. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला. मग पायावर पाय टाकून मोबाईल काढला.

"साहेब, उठा. गाडी लेट होऊन राह्यली," कंडक्टर म्हणाला.

"थांब ना बे जराक," गार्ड म्हणाला. शेवटी उठला आणि बिलावर सही करून दिली. "खुर्चीच होय."

"खुर्ची होय, म्हणूनच मी घेत नाई," कंडक्टर म्हणाला. "मागून संध्याकाळची गाडी आहे."

संध्याकाळी जाऊन काय मालकाला रामराम करायचा होता? मी भांडायला तोंड उघडणार, तेवढ्यात भामरागडकडची एक आजी पुढं आली आणि खुर्चीवर बसली. बिचारी बसमध्ये केव्हाची उभीच होती. गडचिरोलीच्या दवाखान्यात तिची नात बाळंत झाली होती, तिकडे निघाली होती.

"आजी, चला गाडीत," कंडक्टर म्हणाला.

"जागा देते का?"

"जागा नाई ना जी."

"मंग मी बसली. न्याचं त असंच ने."

लोक हसले. दुपट्टेवाल्या काकांनी आणि गार्डनं आजीला बसल्या खुर्चीसकट उचललं आणि दाराजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवलं. कंडक्टरनं डोक्याला हात लावला. फर्निचरला मनाई होती, पण आजीचं तिकीट फाडलेलं होतं. तो बेलची दोरी ओढून मोकळा झाला.

रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही. आमच्याकडचे लोक हसतील. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव त्या चार पायांत जात होता, आणि आजी पदरातली चारं, म्हणजे चारोळीची फळं, खात निवांत बसली होती.

गडचिरोलीला पोचलो तेव्हा मिटिंगची वेळ टळली होती. उशीर होतोय असा मी वाटेतून फोन केला होता, म्हणून हॉटेलमालक स्वतःच गाडी घेऊन स्टँडवर आला होता आणि तापला होता. "मॅडम, शोरूमवाल्याचं सॅम्पल सकाळी आलं. तुमचं कुठे आहे?"

मी बसच्या दाराकडे बोट दाखवलं.

"आजीले उठवून घ्या अगोदर," कंडक्टर म्हणाला. "मी दोनदा सांगतलं, उठत नाई."

"उठतो ना बाप्पा," आजी म्हणाली. "बस हालली, हे नाई हालली. जराक बसू दे."

मालकानं वाट पाहिली. आजी उठली तेव्हा तो तिथंच, बसमध्येच, खुर्चीवर बसला. मागच्या प्रवाशांना उतरायला वाट नव्हती. ते ओरडायला लागले, तरी तो उठेना. ऑर्डर त्यानं तिथंच बसून दिली.

घरी आले तर मामाजी खाटेवर जागे होते. मी नाक्यापासून आजीपर्यंतचं सगळं सांगितलं. ऑर्डरचं त्यांनी विचारलंच नाही.

"आजी उठली तवा खुर्चीनं आवाज केला का?"

"नाही."

"मंग खतवाल्याले नाई म्हणून सांगजो," ते म्हणाले आणि कूस बदलून झोपले. मी तिथंच रडले. त्यांनी ऐकलं असणार, पण वळून पाहिलं नाही.

त्यानंतर मी बऱ्याच खुर्च्या विकल्या. एक शिकले. खुर्ची कशी आहे हे बसणाऱ्याला विचारू नये. त्याला उठवणाऱ्याला विचारावं.