मिलिंदनं बदललेला शेवट

मिलिंद गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. फोनवर त्याची बायको, सुनंदावहिनी. "भाऊजी, ते गेले," एवढंच त्या म्हणाल्या. नांदेडच्या दवाखान्यातला पंखा मला फोनमधून ऐकू येत होता. मग त्या म्हणाल्या, "मायला कसं सांगू? माय तर नवंच लुगडं नेसून बसलीय. अशोकभाऊजी येणार म्हणून..."

जे वाचक बसस्टँडवरच्या गाळ्यातून किंवा गावच्या वाचनालयातून खिशात मावणाऱ्या रहस्यकथा नेत असत, त्यांना मिलिंदचं नाव नसलं तरी त्याचा जमादार भुजंग आठवत असेल. लांब मिशांचा, विडी ओढणारा, संशयिताला कधी न मारणारा जमादार. मुखपृष्ठावर कायम एक पिस्तूल आणि एक घाबरलेली बाई असे. आतल्या गोष्टीत पिस्तूलही नसे आणि ती बाईही नसे. मिलिंद म्हणायचा, "ती बाई जमादारालाच शोधून राहिली असंल." असायचं ते एकच. कुणीतरी हरवलेलं असायचं. मुलगा, नवरा, एकदा तर अख्खं वऱ्हाड. आणि शेवटच्या प्रकरणात भुजंग त्यांना घरी आणायचा. एकाही पुस्तकात हा नियम मोडला नाही.

हा नियम कुठून आला ते आमच्या जवळा बाजार गावात सगळ्यांना माहीत होतं. मिलिंद आणि मी शाळेत एका बाकावर होतो. त्याचा धाकटा भाऊ अशोक आमच्या मागे मागे फिरायचा. शाळा त्याला कधी रुचली नाही. मिसरूड फुटायच्या वयात एका बाजारच्या दिवशी तो मायला म्हणाला, "ट्रकवर क्लीनरचं काम भेटून राहिलं, वारंगा फाट्याला. जाऊन येतो." माय बाजारात भाजी विकत होती. तिनं मान वर न करता "जेवून जा" म्हटलं. तो जेवला नाही. मग तो परतच आला नाही. मिलिंद आणि मी फाट्यावर गेलो तेव्हा चहाच्या हॉटेलवाल्यानं सांगितलं, पोरगं नागपूरकडच्या ट्रकात चढलं. समोरचा पानवाला म्हणाला, न्हाई, हैदराबादच्या. दोघंही छातीवर हात ठेवून सांगत होते. ठाण्यात हवालदार म्हणाला, "मोठं पोरगं हाय, येईल." खिन्न होऊन आम्ही फाट्यावर उभे राहिलो. मिलिंद दोन्ही रस्त्यांकडे आळीपाळीनं बघत होता. भुजंग जमादाराचा जन्म त्या दुपारचा, असं मला वाटतं. विचारायचे ते प्रश्न तिथे कुणीच विचारले नव्हते. मिलिंदनं ते पुढं सगळा जन्म कागदावर विचारले.

एसटीत कंडक्टर म्हणून लागल्यावर त्यानं हिंगोली–नांदेड मार्ग मागून घेतला. गाडी वारंग्याला थांबली की तो खाली उतरायचा, ट्रकच्या रांगेवरून नजर फिरवायचा आणि मग घंटी द्यायचा. प्रवाशांना वाटे, कंडक्टर पाणी प्यायला उतरला. लिहायचा तो डेपोच्या विश्रांतीच्या खोलीत, इतरांचे पत्ते चालू असताना. गोष्टी त्याला गाडीतच मिळत. तिकीट फाडताना माणूस कुठं बघतो, परतीचं तिकीट नको म्हणताना बाईचा आवाज कसा होतो, हे त्याच्या पुस्तकांत बराबर असे. अलीकडे तो नवे लेखकही मन लावून वाचायचा. मोबाईलवर ऐकायच्या गुन्हेकथाही त्यानं ऐकल्या. मी विचारलं, कशा आहेत? म्हणाला, "हुशार हायेत पोरं. पण रक्तच लई. मुडदा सापडला की यांची गोष्ट सुरू होते. ज्याच्या घरचं माणूस नुसतं गेलंय, त्या घरात सांजच्याला भाकरी किती थापायच्या, हे कोणी लिहून राहिलं का?"

मायला अक्षर येत नव्हतं. छापील पुस्तक आलं की मिलिंद तिच्या बाजेपाशी बसून ते सबंध वाचून दाखवायचा. माय ऐकायची, मध्येच डोळे मिटायची, आणि शेवट झाला की म्हणायची, "सापडलं बाबा एकाचं." एवढंच. मग उठून चुलीकडे जायची. मी अनेकदा तिथे होतो. त्या वाक्यानंतर मिलिंदकडे बघवत नसे.

निवृत्तीनंतर त्यानं जे लिहिलं त्यात भुजंग नव्हता. 'वारंग्यानंतर' हे त्याचं नाव. पहिल्यांदाच त्यानं अशोकचं खरं नाव ठेवलं. मोठा भाऊ शोधत राहतो, दोन साक्षीदार दोन दिशा सांगतात, आणि पुस्तक संपतं तेव्हा मोठा भाऊ अजून फाट्यावर उभा असतो. मी ते वाचून दोन दिवस कुणाशी नीट बोललो नाही. त्यानं लिहिलेलं ते सगळ्यांत चांगलं होतं, अजूनही तसंच वाटतं. पण संभाजीनगरच्या प्रकाशकांचे संपादक, भले गृहस्थ, फोनवर म्हणाले, "मिलिंदराव, रहस्यकथेत रहस्य उलगडलं पाहिजे. वाचकाला अशा ठिकाणी सोडून देता येत नाही." मिलिंद म्हणाला, "आमाला सोडलंच की, साहेब." आणि फोन ठेवला. बाकी दोन-तीन ठिकाणांहूनही तेच उत्तर आलं. हस्तलिखित कपाटात गेलं.

मग त्याची किडनी गेली. डायलिसिससाठी नांदेडला खेपा सुरू झाल्या. जाताना गाडी वारंग्यावरूनच जायची, पण आता तो डोळे मिटून बसायचा. एकदा मी सोबत होतो. फाटा मागे पडल्यावर त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "दत्ता, मी गेल्यावर ह्या रस्त्याकडे बघणारं कोणी न्हाई राहणार." थोडं थांबून म्हणाला, "पुस्तक तरी राहावं. कसंबी राहावं." त्याच आठवड्यात त्यानं संपादकांना स्वतः फोन केला.

नवा शेवट त्यानं दवाखान्यात लिहिला. सुया टोचलेला हात बाजूला ठेवून, दुसऱ्या हातानं. मोठा भाऊ हैदराबादच्या वाटेवरच्या एका गावात बसमधून उतरतो. टायर-पंक्चरच्या दुकानात एक पिकल्या केसांचा माणूस वाकून चाक खोलत असतो. मोठा भाऊ हाक मारतो. तो माणूस वळतो. झालं. दोन पानांचा शेवट. पुस्तक छापून आलं तेव्हा मिलिंदनं ते मागून उघडलं, ती दोन पानं वाचली आणि पालथं घालून ठेवलं. "भुजंगानं लिवल्यासारखं वाटतंय," म्हणाला. खरं तर ते वाचताना माझेही डोळे भरले होते, आणि त्याचीच मला लाज वाटत होती.

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा मायच्या बाजेपाशी बसला. मायचं वय झालं होतं, माणसं ओळखायची पण काळवेळ तिच्या हातून सुटत चालली होती. हे आमच्या लक्षात होतं, तरी कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यानं वाचलं. अशोकचं नाव आलं तशी ती उठून बसली. शेवट झाला. नेहमीचं वाक्य ती बोललीच नाही. तिनं मिलिंदचं मनगट धरलं आणि विचारलं, "टायरचं दुकान हाय का त्याचं? लेकरंबाळं हायेत?"

मिलिंद म्हणाला, "माय, हे पुस्तकातलं हाय."

"व्हय, पुस्तकात आलंय," माय म्हणाली. "मंग खरंच असंल."

त्यानं पुन्हा सांगितलं. वहिनींनी सांगितलं, मीही सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि शेजारच्या बाईला बोलवून म्हणायची, "आमचा अशोक सापडला. मिलिंदनं हुडकला." शेवटी मिलिंदनं सांगणं सोडून दिलं. ज्या बाईनं जन्मभर एकही आनंदाची बातमी ऐकली नाही तिच्याकडून ती हिसकावून घ्यायची कशी? आणि ठेवायची तरी कशी? पुढं दवाखान्यात पडल्या पडल्या तो मला म्हणाला, "सगळ्या जन्मात एकदाच खोटं लिवलं रे. तेवढंच तिला खरं वाटलं." त्यानंतर आमचं फारसं बोलणं झालं नाही.

मिलिंदला घरी आणलं तेव्हा माय दारातच होती. भंतेजींनी त्रिसरण-पंचशील म्हटलं. ती मुलाच्या कपाळावरून हात फिरवत राहिली, रडली, आणि मग माणसं उचलायला वाकली तशी म्हणाली, "थांबा जरा. भाऊ यायचाय त्याचा. भावाच्या मातीला तर येईलच ना तो." माणसं थांबली. उन्हात सगळे उभे होते, कुणी वर बघत नव्हतं. शेवटी मिलिंदच्या मोठ्या मुलीनं आजीला कवेत घेऊन आत नेलं आणि आम्ही मिलिंदला उचललं.

आता मी रविवारी त्यांच्या घरी जातो. मिलिंद बसायचा ती लोखंडी खुर्ची बाजेला लागूनच आहे, ती कुणी हलवलेली नाही. माय मला तिच्यावर बसवते आणि शेवटची दोन पानं वाचायला लावते. आधीचं तिला नको असतं. मी नाही म्हणून पाहिलं, पण ती तेव्हा अशी बघते की नाही म्हणवत नाही. परवाही वाचलं. मोठा भाऊ बसमधून उतरला, हाक मारली, पिकल्या केसांचा माणूस वळला. माय दाराकडे बघत होती.

"म्हंजे दोघांची भेट झाली," ती म्हणाली.

मी म्हणालो, "हो, माय. झाली."

"मंग येईनात काहून अजून?"

आत वहिनींचं भांडी घासणं थांबलं. मी पान उलटून पाहिलं, जणू पुढं काही असेल. पुढं कोरा कागद होता. मग मी पुन्हा वरून, बस थांबते तिथून, वाचायला लागलो.