डाव्या मोटरची चिठ्ठी

फिलूबायचा भाचा सायकलवरून आला तेव्हा मी एका मोटरच्या तारेला शेवटची गाठ मारत होते. मरोळच्या आमच्या छोट्या कारखान्याच्या दारातूनच तो म्हणाला, "आंटी गेली. पहाटे." सगळ्या बाया उठल्या. मी मात्र गाठ पुरी करूनच उठले. अर्धी गाठ सोडायची नाही, ही तिचीच शिकवण… महिना झाला, त्या गाठीची मला अजून लाज वाटते.

फिलूबाय तिथल्याच गावठाणातली, ख्रिश्चन. मोटरी तपासायचं टेबल तिचं. आम्ही तांब्याची तार गुंडाळायची, मोटरला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची आणि तिच्यापुढे ठेवायची. मोटर विकली तरी चिठ्ठी तिच्यावर तशीच राहायची. मोटर किती करंट खेचते ते ती काट्याच्या मीटरवर बघायची. काटा कधी कधी अडकायचा, म्हणून वाचायच्या आधी काचेवर नखानं दोनदा टकटक. मी परभणीकडची, सहावीत शाळा सुटलेली, नणंदेच्या घरी राहणारी. हे काम गेलं तर जायचं कुठं, ही धास्ती रोज उशाशी. मला मीटरवरचे आकडे कळेनात, तेव्हा तिनं जेवणाच्या सुट्टीत शेजारी उभं करून ते वाचायला शिकवलं. "काटा खोटं बोलत नाय गो. माणूस घाईत वाचतो."

तीन वर्षांमागं इंजिनिअरिंग कॉलेजची दोन मुलं आली. त्यांच्या स्पर्धेसाठी आमच्याकडूनच दोन छोट्या मोटरी नेल्या होत्या. यंत्रमानव आणलाय म्हटल्यावर आम्ही हातपायवाला बाहुला बघायला धावलो, तर चार चाकांवरचा पत्र्याचा डबा! "ह्याला तोंड कुठंय रे?" फिलूबाय म्हणाली. मुलं हसली नाहीत. दुसऱ्या दिवशी स्पर्धा, ओझं घेऊन सरळ रेषेत जायचं, आणि डबा सारखा उजवीकडं वळत होता, बॅटरीही लगेच उतरत होती. "विटांवर ठेवून बघितलं, बाई. दोन्ही मोटरी सारख्याच."

"हवेत चाक फिरवलं तर कुठली पण मोटर शहाण्यासारखीच वागेल. खाली ठेव. ओझं चढव."

तिनं आधी उजव्या मोटरला मीटर जोडला. टकटक. दोन अँपिअर. मग डावीला. टकटक. काटा चारच्या जवळ गेला आणि तिथंच थरथरत राहिला. तारेच्या गाठीवरून मी ओळखलं. ती मोटर माझी होती. वडील गेल्याचं पत्र आलं त्या दिवशी वेढे मोजताना माझा आकडा चुकला होता, आणि सगळं उकलायचं सोडून मी अंदाजानंच पुढं गेले होते. वेढे कमी पडले की मोटर जास्त करंट खेचते.

शेठ आत आले. असल्याच चुकीवरून त्यांनी आधीच्या महिन्यात एकीला घरी पाठवलं होतं. "कोणी गुंडाळलीय ही?"

फिलूबायनं मोटर उलटीसुलटी केली. "चिठ्ठी पडली वाटतं. पण पास मी केली, शेठ. ओझं न लावता केली. चूक माझी." शेठ तिला सगळ्यांदेखत बोलले. वीस वर्षं काम केलेल्या बाईला… ती खाली मान घालून उभी राहिली. मी तोंड उघडलं नाही.

शेठ गेल्यावर ती म्हणाली, "सुमन, तू बस. तुझा हात हलका हाय." मी मोटर उकलून नव्यानं गुंडाळली. मी मोठ्यानं वेढे मोजत होते आणि ती माझ्याबरोबर मोजत होती. डबा सरळ गेल्याचं मुलं नंतर सांगून गेली. मला वाटलं, देवानं वाचवलं, चिठ्ठी खरंच पडली.

गेल्या महिन्यात हॉस्पिटलात तिला सगळं सांगायचंच असं ठरवून गेले. "बाय, तुम्हाला एक सांगायचं होतं…" ती म्हणाली, "आधी जेवलीस काय ते सांग." मग नर्स आली, आणि माझं राहिलंच.

आता ते टेबल मला दिलंय. पहिल्या दिवशी खण साफ करताना मीटरच्या वायरींखाली पिवळी पडलेली एक चिठ्ठी सापडली. दोऱ्यासकट. माझंच वेडंवाकडं अक्षर, सुमन. दोरा तुटलेला नव्हता, कात्रीनं कापलेला होता.

चिठ्ठी मी खणात तिथंच ठेवलीय. कोणाची मोटर आली की आधी ओझं लावते, काचेवर दोनदा टकटक करते… आणि काटा पुरता थांबेपर्यंत नाव वाचत नाही.